हंड्यावरचं नाव

१९९७ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा, वसईत हवालदार. सातवीत शाळा सुटली माझी, पण तपास कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये. त्या सालचा एक पितळी हंडा मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

खाडीकाठची एक विधवा ठाण्यात आली. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने हंडा घेऊन त्यावर मुलीचं नाव घालून घेतलं होतं. लग्नाआधीच मुलगी काविळीने गेली. आता हंडाही माळ्यावरून गेला. चोरीचा गुन्हा दाखल केला. बाई रोज यायची, बाकावर बसायची.

"सायेब, गावला का?"

"गावला की निरोप धाडीन, आई. घरी जा."

"घरी कोन हाय? पोरगा हाय, तो पिऊन पडलेला. पोरीचं नाव तेवढं त्या हंड्यावर व्हतं."

एका भंगारवाल्याने खबर दिली. वालीवला एक वेल्डर आहे, जुन्या भांड्यांचे, कुलपांचे, नळांचे पुतळे करतो. "घेत कोणी नाय साहेब, पण येड लागलंय त्याला."

गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये माणसाएवढी बाई उभी. पळ्यांची बोटं, सायकलच्या चेनची वेणी आणि धडाला आमचा हंडा, मधोमध चिरलेला. नाव बरोबर छातीवर, चिंचेने घासून लखलखीत केलेलं.

पुतळा जप्त केला, वेल्डरला ठाण्यात आणला. आमचे साहेब म्हणाले, "हाच चोर. टाका आत."

मी म्हटलं, नाही. चोर पहिल्यांदा नाव कानशीने घासून काढतो. हा ते उजळवून छातीवर लावतो. माल चोरीचा आहे हे ह्याला माहीतच नाही.

"हवालदार, वकिली कधी सुरू केलीत?" साहेब हसले. मी हटलो नाही.

वेल्डरला समोर बसवलं. "हंडा कोणी दिला?"

"जिचं नाव आहे तिच्या भावानेच. म्हणाला, बहीण वारली, आईला बघवत नाही. म्हणून तर नाव ठेवलं, साहेब. म्हटलं, अशी तरी उभी राहील पोरगी."

बाई बाकावरून सगळं ऐकत होती. उठून तिने माझी बाही धरली.

"सायेब, या परक्याचंच नाव लावा ना. माजा येकच उरलाय."

"आई, ते माझ्याच्याने होणार नाही."

"मंग तक्रार फाडा माजी."

तक्रार फाडता येत नाही. मुलाला अटक केली. जामिनावर सुटला तो घराकडे फिरकलाच नाही. कुठे गेला, शेवटपर्यंत कळलं नाही.

मुद्देमाल म्हणून पुतळा ठाण्यामागे पावसात गंजत होता. हंडा बाईला परत द्या, असा कोर्टाचा हुकूम झाला. वेल्डर म्हणाला, "मीच सोडवतो. दुसरा तोडून टाकेल." छिन्नी त्यानेच लावली. पुढे तो खिडक्यांच्या ग्रिल करायचा. पुतळा पुन्हा कधी बनवला नाही.

हंड्याच्या दोन फाका मी स्वतः बाईला नेऊन दिल्या. तिने नावावरून बोट फिरवलं.

"यात आता पानी बी ऱ्हायचं नाय, सायेब." एवढंच बोलली.

माझा तपास चुकला नव्हता. आजही छाती ठोकून सांगेन. पण खरं शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं, यावर त्या दिवसापासून माझा विश्वास नाही.

माझ्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांवर नावं घालणारा ओटीवर येऊन बसला. बायकोने नवा हंडा त्याच्यापुढे ठेवला. मी तो उचलून आत नेला आणि बाहेर येऊन त्याला म्हटलं, "चहा घे आणि जा बाबा. नाव घालायचं नाही."