अर्ध्या तासाचा प्रयोग
कच्च्या बलकाचा वास आला की म्हैसूरची प्रयोगशाळा आठवते. सकाळी कापलेल्या कोंबडीच्या अंडाशयातल्या पेशी मी काचेच्या बशीत जगवल्या होत्या. त्यांच्यावर हार्मोनचे थेंब सोडत असताना बाबांचा फोन आला, तो मी स्पीकरवर घेतला. "आई गेली गं." मी "बरं" म्हटलं आणि उरलेले थेंब सोडले. तिथली मदतनीस, गावातल्याच मराठी शिंप्यांच्या घरातली, म्हणाली, "अय्यो अक्का, घरी जावा की!" मी म्हटलं, "अजून अर्धा तास लागेल." अर्ध्या तासाने यंत्रावर पाहिलं, तर पेशींनी हार्मोनला अगदी चोख प्रतिसाद दिला होता, कोंबडी मेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मी आकडे उतरवून घेतले, मग निघाले. ती वही अजून आहे. त्या पानावरचं माझं अक्षर कुठेच हललेलं नाही.