शेवटी ठेवलेला चेहरा

वाकून भात लावणाऱ्या बाईचं चित्र तुम्ही भिंतीवर पाहिलं असेल. ती बाई कोण, असं कधी कुणाला विचारलंत का?

आमच्या रिहे गावात गोठ्याशेजारची खोली भाड्याने घेऊन एक चित्रकार राहायचा. मजुरी वाढावी म्हणून आम्ही वाटायचो त्या पत्रकांवरची वळलेली मूठ त्यानेच छपाईच्या ठशासाठी लिनोच्या तुकड्यावर कोरून दिली होती. "दिसतं तेच काढतो," म्हणायचा. मी त्याला आमच्यातला मानत होते.

गावच्या सोसायटीने नव्या हॉलसाठी भातलावणीचं मोठं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा तो आमच्या वस्तीवर आईला विचारायला आला. सोसायटीच्या बैठकीला आमची माणसं दाराबाहेर उभी राहत.

"त्या हालात मी? भितीवर?" आईने विचारलं.

"तुम्हीच, ताई."

मग रोज दुपारी आई त्याच्या खोलीत ओणवी उभी राहायची, हातात रोपांची मूठ. त्याने आधी सगळ्या कॅनव्हासवर तपकिरी रंग चोळला आणि जिथे उजेड हवा तिथे चिंधीने पुसून काढला. मग हात. दारापर्यंत मागे जायचा, डोळे बारीक करायचा, परत येऊन सुरीने रंग खरवडायचा. विळ्याने वाकडं झालेलं आईचं बोट त्याने तसंच वाकडं काढलं. पाठ झाली, लुगडं झालं, चिखल झाला. चेहऱ्याच्या जागी मात्र पुसलेला डाग. चेहरा तो नेहमी शेवटी करायचा.

"बिनतोंडाची बाई," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "हिच्या बापाला लई आवडंल."

एके दिवशी त्याने सांगितलं, आता यायला नको, चेहरा पाठ झालाय.

हॉल उघडला त्या दिवशी आम्ही खिडकीतून पाहिलं. चित्रातल्या चिखलात सोसायटीच्या चेअरमनची सून वाकली होती. गोरी, नाकात नथ. तिचा पाय कधी खाचरात पडला नव्हता. आई बराच वेळ बघत राहिली.

"हात माजं हायेत," ती हळूच म्हणाली. "बोट बघ."

मी तडक त्याच्या खोलीवर गेले. तो रॉकेलमध्ये ब्रश धूत होता. चेअरमनने सुनेचा फोटो पाठवला, हॉल त्यांचा, चित्र त्यांचं, असं काहीबाही सांगत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "पण हातांना मी हात लावू दिला नाही. हात फार जमले होते गं."

मी शाबासकी द्यावी, अशी त्याची अपेक्षा होती.

त्यानंतर आमच्या पत्रकांवर चित्र नसतं. नुसती अक्षरं.

आई आता हॉलच्या रस्त्याने जात नाही. तुम्ही जाल. रिह्याला गेलात तर त्या हॉलमध्ये शिरा, चित्रासमोर उभे राहा आणि तिथे बसलेल्यांना मोठ्याने विचारा, हे हात कुणाचे? कुणीतरी आमच्या वस्तीकडे बोट दाखवेपर्यंत तिथून हलू नका.