दोघांची खोली

आमचा मामा उभ्या आयुष्यात कधी रंगमंचावर आला नाही, पण त्याच्याशिवाय कंपनीचा पडदा वर गेला नाही. तो प्रॉम्प्टर होता. विंगेत उभं राहायचं, आणि नट अडला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द असे सोडायचे की ते नटाच्या कानात पडावेत, पण पहिल्या रांगेला सुगावा लागू नये. मी चिडवायची, "मामा, सगळे राजे तुझ्या जिवावर बोलतात आणि तुझ्या हातावर मात्र चहाचे पैसे!" तो हसायचा.

मामी विसरायला लागली तेव्हा त्याने घरातही तेच सुरू केलं. शेजारीण दारात आली की मामीच्या मागे उभा राहून "मुलगी, बाळंत..." एवढंच पुटपुटायचा आणि मामी थाटात विचारायची, "काय हो, मुलगी बाळंत झाली ना तुमची?" दोन वर्षं आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मग मामा तापाने आडवा झाला. मी धावत गेले, तर मामीने दारातच विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" लहानपणी जिच्या मांडीवर झोपले, ती मला 'आपल्याला' म्हणत होती.

त्यांना मूलबाळ नाही. मी एकटी, दिवसभर कापडाच्या दुकानात उभी असते. मामी रात्री उठून कडी काढून चालू लागायची, म्हणून मामा मफलरने तिचं मनगट आपल्या मनगटाला बांधून पडायचा. झोपायचा नाही, नुसता पडायचा. डोळे खोल गेले होते त्याचे. शेवटी मीच म्हटलं, "मामा, आता कुठेतरी सोय बघू."

"दोघांची एकत्र असेल तर," तो म्हणाला. "नाहीतर विषय बंद."

आम्ही तीन ठिकाणं पाहिली. पहिल्या ठिकाणी फिनेलचा भपकारा, आणि टीव्ही मोठ्याने लावलेला, बघणारं कोणी नाही. दुसरं चकाचक, पण अनामत रक्कम ऐकून माझी दातखीळ बसली. सगळ्याची सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. तिसरं मात्र परवडणारं होतं. पुढच्या इमारतीत जोडप्यासाठी एकच खोली रिकामी होती, बाल्कनीसकट. मामाने तिथल्या दोन्ही पलंगांवर बसून बघितलं. पण अट अशी की पुढे फक्त आपलं आपण करणारी माणसं. बाकीच्यांसाठी मागची इमारत. तिथे बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, दाराला कुलूप आणि खर्च दुप्पट. मामाचं घर विकून येणारे पैसे पुढच्या खोलीला जन्मभर पुरले असते, मागे एकीला ठेवून पुढे दुसऱ्याला ठेवायचं तर चार वर्षांतच खडखडाट. आणि घराचा बयाणा तर घेऊन झाला होता. महिनाअखेर किल्ली द्यायची होती.

म्हणजे मामी तिथल्या मेट्रनबाईंच्या परीक्षेत पास व्हायलाच हवी होती. मामाने आठवडाभर तिची तालीम घेतली. वार, महिना, पत्ता, सकाळी उठल्यावर काय करतेस. मला हे पटत नव्हतं, पण दुसरा रस्ता तरी कुठे होता?

मेट्रनबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही मागे बसा हं, आणि बोलायचं नाही." मला हसूच फुटणार होतं. मागे बसायला सांगितलं, तेही कुणाला!

"आजी, आज वार कोणता?"

मागून काहीतरी झुळकीसारखं आलं. मामी म्हणाली, "गुरुवार."

"रात्री बाथरूमला जायचं झालं तर काय कराल?"

"दिवा लावेन. चपला घालेन. मग जाईन."

बाई मान खाली घालून लिहीत होत्या. मामी एकेक उत्तर देत गेली आणि मी मनात म्हणत होते, आणखी एक, मामा, आणखी एकच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "छान. आता शेवटचं. इथे राहायला आवडेल ना?"

"हो..." मागून आलं. मामी बाईंच्या पेनाकडे बघत राहिली. "हो, आव..." मामाची कुजबुज जरा मोठी झाली. मी खोकले, तो दाबायला.

मामी खुर्चीतल्या खुर्चीत वळली. "अहो, गप्प बसा बघू जरा. एवढं मला येतंय."

मग ती बाईंकडे बघून म्हणाली, "बाई, मला काहीसुद्धा आठवत नाही. हेच सांगतात मागून. दिवसभर सांगतात आणि रात्री मला बांधून जागे राहतात. मरतील असे. मला कुलूप असेल तिथे ठेवा, पण यांना झोपू द्या."

मामा ताडकन उठला. जन्मात त्याचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "कोणी सांगितलं होतं तुला बोलायला? खोली मिळाली होती! दोघांची खोली मिळाली होती!" ओरडता ओरडता तो भिंतीला टेकला. मामीने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "इथे चहा मिळेल का हो?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर ते कळेना. बाईंवर भडकावं, तर त्या बिचाऱ्या काही बोललेल्याच नव्हत्या. मी म्हटलं, "मामीला मागे ठेवायचं. सगळे पैसे तिच्यासाठी. मामा माझ्याकडे येईल." मामा चारदा नाही म्हणाला. पाचव्यांदा म्हणाला नाही.

महिनाअखेर मामीला तिथे पोचवलं आणि मामाला माझ्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठेचना. नऊ वाजले, दहा वाजले. मी दुकानात फोन करून रजा घेतली आणि त्याच्या नाकाशी बोटं धरून बघितली. श्वास चालू होता, संथ, लहान मुलासारखा.

अकराला त्याने डोळे उघडले.

"किती वाजले गं?"

मी सांगितलं. तो उठून बसला, खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"एकदाही जाग आली नाही मला," तो म्हणाला. "इतकी गाढ झोप लागली गं. लागायला नको होती."