जिन्यातली बाटली

मी फारशी बोलत नाही याचा प्रयोगशाळेत कुणाला त्रास नव्हता. जिल्ह्यातल्याच गोरेगावहून सकाळच्या एसटीने गोंदियाला यायचं, कॉलेजच्या तळमजल्यावरची खोली उघडायची आणि संध्याकाळपर्यंत सूक्ष्मदर्शकासमोर बसायचं. जेवणाचा डबासुद्धा मी तिथेच खात असे.

पेशी काचेला किती घट्ट चिकटते हे मोजणं, हा माझा पीएचडीचा विषय. पेशी म्हणजे पावात घालतात ते यीस्ट. दोन काचांमधल्या अगदी अरुंद फटीत ते सोडायचं, थोडा वेळ चिकटू द्यायचं आणि मग फटीतून पाणी वाहवायचं. पाण्याचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. ज्या जोराला निम्म्या पेशी सुटतात, तो त्यांच्या चिकटण्याचा जोर. दवाखान्यातल्या नळ्यांना धरून बसणारे जंतू असेच मोजता येतील, हे पुढचं स्वप्न होतं. आधी यीस्ट तरी जमायला हवं होतं.

ते जमत नव्हतं. सोमवारी ज्या जोराला पेशी सुटत, मंगळवारी त्याच्या निम्म्यालाच सुटून जात. मी काचा पुन्हा पुन्हा धुतल्या. यीस्टचं दुकान बदललं. उत्तर रोज वेगळंच.

शेवटी सरांनी बोलावलं. माझे मार्गदर्शक शांत स्वभावाचे आहेत, रागावत नाहीत. म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तीनदा एकसारखं उत्तर दाखव. नाहीतर प्रयोग थांबवू. तू कॉम्प्युटरवर प्रवाहाची गणितं कर. तुझं गणित चांगलं आहे. शिवाय त्यात कुणाशी बोलावंही लागत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी मायेनेच म्हटलं होतं. पण मला ते लागलं. कॉम्प्युटरमध्ये मी जे घालीन तेच फिरून माझ्याकडे येणार. काचेवरची पेशी मात्र माझं ऐकत नव्हती, आणि मला तीच हवी होती.

घरी आईला सांगितलं. ती आमच्या कापडाच्या दुकानात ब्लाउजपीसच्या घड्या घालत होती.

"म्हणजे ते चिकटते का सुटते, एवढंच पाहून राहिली का तू दिवसभर?"

"हो."

"मंग तुलेच बसवायचं होतं काचेवर. दहावीपासून एका जागेवर चिकटून आहेस, कोणाच्या बापाच्यानं हालत नाही."

मला हसू आलं. पण प्रयोग सोडायचा नाही हे तिच्या घड्या चालू असतानाच मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी मोबाइलवर प्रयोगाचा व्हिडिओ पाहत होते. काचेवरची एक पेशी सुटत नव्हती, नुसती थरथरत होती. बसच हलते आहे, असं वाटलं. मग रेल्वे फाटक लागलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मोबाइल माझ्या मांडीवर स्थिर झाला. पेशी अजून थरथरत होती.

म्हणजे पाणी सरळ वाहत नव्हतं, धक्के देत होतं. आणि धक्के कुठून येतात हे मला मालगाडी जाईपर्यंत कळलं होतं. पंपाचा प्रवाह मऊ व्हावा म्हणून मी मध्ये स्प्रिंगचा एक लहान व्हॉल्व्ह बसवला होता. असा व्हॉल्व्ह जेमतेम उघडा असला की स्थिर राहत नाही. उघडतो, आपटतो, पुन्हा उघडतो. एमटेकचा माझा सगळा प्रबंध यावरच होता. तिथले व्हॉल्व्ह मनगटाएवढे होते, त्यांचा खडखडाट दाराबाहेर ऐकू यायचा. हा हरभऱ्याएवढा, त्याला आवाजच नव्हता. ओळखीचा म्हणून तोच निवडला होता मी.

सकाळी व्हॉल्व्ह काढला, पंपही काढला. पाणी उंचावरून आपल्या वजनाने खाली येतं, त्याला धक्के नसतात. दवाखान्यात सलाइन लावतात तसंच. बाटली जितकी उंच, तितका जोर जास्त. पण मला हवा तेवढा जोर मिळायला खोलीचं छत पुरेना. कॉलेजमध्ये तेवढी उंची एकाच ठिकाणी होती, मुख्य जिन्यात.

जिन्यात दिवसभर सगळं कॉलेज चढतं-उतरतं. मी दोन दिवस दुसरी जागा शोधली. मिळाली नाही.

मग टेबल, सूक्ष्मदर्शक आणि लॅपटॉप जिन्याखाली मांडले. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून कपडे वाळवायची दोरी टाकून बाटली टांगली. दोरी ओढली की बाटली वर. दोरीच्या माझ्याकडच्या टोकाला गाठ होती. निम्म्या पेशी सुटताना ती जिथे येईल तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची, की बाटलीची उंची कळली. कुणी कठड्याला हात लावला तरी बाटली झुलायची आणि पेशी सुटायच्या. म्हणून इंग्रजीत सुबक पाटी लावली, प्रयोग चालू आहे, कृपया कठडा धरू नये. लोक ती वाचत आणि कठडा धरून खाली येत.

शिपाईकाका येऊन उभे राहिले. "पायऱ्या अडवून कायले बसली मॅडम? लोकं का उडून जातीन?"

"पाच मिनिटं लागतात, काका."

"मंग सांग ना तोंडानं. पाटी काय बोलते?"

पहिल्यांदा माझा आवाज पहिल्या पायरीपर्यंतही गेला नाही. दुसऱ्यांदा गेला. "भैया, रुकिए. कठड्याला हात नका लावू." वरून एक मुलगा वाकून म्हणाला, "मॅडम, सलाइन किसको चढ़ रही है?"

"सीढ़ी को," मी म्हटलं. "हिलाओगे तो मर जाएगी."

पोरं हसली, पण थांबली. त्यानंतर मी दर तासाला ओरडायला शिकले. घसा बसला, आईने हळदीचं दूध दिलं आणि कारण विचारलं. ओरडून, असं सांगितलं तर तिने विश्वास ठेवला नाही.

दोन दिवसांच्या दोन खुणा भिंतीवर जवळजवळ एकमेकींवर पडल्या. तिसऱ्या दिवशी महिना संपत होता. दोरीची गाठ त्या खुणांच्या जरा वर होती, काचेवरच्या पेशी सुटायला लागल्या होत्या, आणि वरून चपलांचा आवाज आला. मी मान वर न करता म्हटलं, "थांबा. कठडा धरू नका."

आवाज थांबला. मग काकांचा आवाज आला, "थांबा सर. पोरगी मोजून राहिली."

तेव्हा मी वर पाहिलं. सर अर्ध्या जिन्यात एक पाय खाली टाकून उभे होते, हात कठड्यापासून वर धरलेला. मागे काका, चहाचा ट्रे घेऊन. सॉरी म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. ते मिटून मी दोरी आणखी थोडी ओढली, बाटली स्थिर होऊ दिली. निम्म्या पेशी गेल्या. भिंतीवर खूण केली. जुन्या दोन खुणा तिच्याखाली झाकल्या गेल्या.

"तीच जागा?" सरांनी विचारलं.

"तीच."

त्यांनी वाकून भिंतीवरची खूण पाहिली. "मग कॉम्प्युटरचं काम दुसऱ्या कुणाला तरी देतो. आता उतरू का?"

मी पडद्याकडे पाहिलं. उरलेल्या पेशी काचेला धरून होत्या, अजिबात थरथरत नव्हत्या. त्या किती जोराला सुटतात, हे मला पाहायचं होतं.

"अजून पाच मिनिटं, सर."

सर तिथेच पायरीवर बसले. काकांनी कठड्याला हात न लावता त्यांना चहा दिला.