बिथरलेल्या पेशी

"बिथरल्यात की!" मायक्रोस्कोपवरून डोळा न उचलता आमचे जुने टेक्निशियन, सगळ्यांचे मामा, ओरडायचे. दम्याच्या पेशंटच्या रक्तात नारिंगी दाण्यांच्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, की कोल्हापुरातली आमची छोटी लॅब दणाणायची. नव्वदच्या दशकात मी तिथं नवी टेक्निशियन म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी दचकून हातातली स्लाइड फोडली.

"पांढऱ्या पेशी घरच्याच गं," ते शिकवायचे. "राखणीला ठेवल्याल्या. पर ह्यातली ही जात बिथरली, की श्वासनळीत शिरून आपल्याच घरातली भांडी फोडती."

मामांना स्वतःलाच जबर दमा. जिना चढून आले की पाच मिनिटं नुसते टेकायचे, आणि मग तेवढ्या वेळाचं बोलणं वसूल करायचे.

दर महिन्याला ते स्वतःच्या बोटाला सुई टोचून स्लाइड बघायचे. इओसिनोफिल कमी दिसले, की ओढायचा पंप थेट ड्रॉवरमध्ये. "स्लाइड साफ हाय, औषध कशाला?" औषधामुळेच ती साफ आहे, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं. पेशंटना हेच समजावणारा माणूस स्वतःच्या बाबतीत ऐकेल तर शपथ. असे शहाणे तुम्हीही पाहिले असतील.

दोनदा त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. दुसऱ्या वेळी रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ओठ निळे पडले होते. मी फार घाबरले होते.

निवृत्तीनंतर मधुमेहानं त्यांची नजर अधू झाली. तरी दर महिन्याला उचगावच्या घरून लॅबमध्ये यायचे, स्लाइड मी बघायचे.

"काय म्हणत्यात?"

"बिथरल्यात, मामा. पंप सोडू नका."

स्लाइड साफ असायची. एकही पेशी चुकीची न लिहायला ज्यांनी शिकवलं, त्यांनाच मी दोन वर्षं खोटं सांगत होते. मला त्याची लाज वाटली नाही.

एकदा मी रजेवर असताना नव्या मुलीनं त्यांना खरं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी कळताच मी तडक उचगाव गाठलं. मामा उंबऱ्यावर बसून पंप ओढत होते. बोट वर करून मला थांबवलं, श्वास सोडला आणि म्हणाले, "पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय मला. खोटं बोलताना तुजा आवाज बारीक हुतोय."

"मग पंप का घेत होता?"

"तू एवढी भिलीस म्हटल्यावर घ्याय नको व्हय?"

त्यानंतर पाचेक वर्षांनी एका दुपारी मामा जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मामींनी फोन केला. "दम न्हाय लागला बघ त्यास्नी," त्या म्हणाल्या. "एकदाबी न्हाय."

फोन तसाच कानाला धरून मी रडत राहिले, आणि पलीकडं मामीही.