चार उजवे हात

नारपोलीतल्या आमच्या आत्याच्या खानावळीत एकदा सगळ्या स्वयंपाक्यांचे उजवे हात एकाच दिवशी बंद पडले. त्याची सगळी व्यवस्था मी स्वतः केली होती.

आत्या मूळची अंजूरची. नवरा गेल्यावर तिने नारपोलीत कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या कामगारांसाठी खानावळ काढली. खानावळीच्या मागच्या खोलीत राहून, तिच्याच हातचं जेवून मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर! त्यामुळे लाइट बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत काहीही छापील आलं, की आत्या ते माझ्यापुढे धरायची. तिच्या लेखी बी.कॉम. म्हणजे वकील, डॉक्टर आणि कलेक्टर मिळून एकच डिग्री. (मीही तिचा गैरसमज कधी दूर केला नाही.)

त्या वर्षी गावात टायफॉइडची साथ आली आणि हुकूम निघाला: खानावळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लस घ्यायची. सोमवारी तपासणी. लस न घेतलेलं कुणी चुलीपाशी दिसलं, तर खानावळीला कुलूप!

"कुलूप?" आत्याने तो हुकूम माझ्यापुढे धरला. "आन् माझी मानसं जेवतील कुठं रं? शिफ्ट सुटली का सरळ हितं येतात बिचारी."

"आत्या, तू काळजी करू नकोस. मी आहे ना!"

तिने काळजी सोडली. तिथेच तिचं चुकलं.

स्वयंपाकघरात चौघं होती. डाळ-भाजीला रामबरन, आणि चपात्यांना यल्लम्मा व तिच्या दोन जावा. रामबरन म्हणाला, "भैया, हमने तो बचपन में सब सुई ले ली है."

"कौनसी?"

"जो जो थी, सब!"

मग मी चौघांना समोर बसवून आरोग्य या विषयावर हिंदीतून भाषण दिलं. भाषण रंगत गेलं. डबक्यातल्या पाण्यावरून मी राष्ट्राच्या प्रगतीवर आलो, तेव्हा रामबरनने हात जोडले. "भैया, सुई ही लगा दो."

राहिली आत्या. धान्याच्या कोठीतला साप चिमट्याने उचलून बाहेर टाकणारी ही बाई, सुई म्हटलं की दाराआड जायची.

"मी मालकीन हाय. हुकूम कामगारांना हाय. व्हय का न्हाय? तूच सांग, तू शिकलेला हाईस."

मी गंभीरपणे हुकूम वाचला आणि निकाल दिला, "मालकाचा उल्लेख कुठेही नाही." आत्याने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की मला आणखी कायदे वाचावेसे वाटले.

रविवारी दुपारी दवाखान्याचे कंपाउंडर आले. आत्याने पाट मांडला होता, नारळ ठेवला होता. यल्लम्मा पाटावर बसली. कंपाउंडर म्हणाले, "डावा हात."

"डावा?" आत्या दाराआडून ओरडली. "अन्नाचं काम हाय आमचं! चांगल्या कामाला डावा हात फुडं करतात का कुठं?"

कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस म्हणून! मी जरा विचार केला (केला, हे मुद्दाम सांगतो) आणि म्हणालो, "काका, लस शेवटी शरीरातच जाते. लोकांच्या भावना सांभाळायला हव्यात."

चार उजव्या बाह्या वर झाल्या. चौघांचं पंधरा मिनिटांत आटोपलं, म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

सोमवारी सकाळी रामबरन आला तो हात झोळीसारखा लटकवून. "भैया, हाथ नमक के डिब्बे तक नहीं जा रहा." यल्लम्माने लाटणं धरलं आणि "अय्यो!" म्हणून सोडलं. एका जावेला तर तापही भरला होता. आत्याने विचारलं, "समद्यांना येकाच दिवशी टोचाया कुनी सांगितलं व्हतं?"

"एकदम झालं की कसं सुटसुटीत होतं, आत्या."

"झालं ना सुटसुटीत? आता बस लाटाया!"

तिने पदर खोचला आणि डाळीचं पातेलं चढवलं. मी पोळपाटापुढे बसलो. मागे यल्लम्मा हात मांडीवर घेऊन सूचना देत होती. "फिरव, फिरव... अय्यो, चपाती फिरव! तू का फिरतो?" माझी पहिली चपाती तव्यावरून उतरली. रामबरनने ती डाव्या हाताने उचलून ताटावर आपटली. "भैया, ये तो बजती है."

तेवढ्यात शिफ्ट सुटली. बाकं भरली, ताटं वाढली गेली. पहिल्याच रांगेतून आवाज आला, "मालकिन, आज पापड़ भी बनाया है क्या?"

आणि नेमके तपासणीचे साहेब दारात उभे! मागे शिपाई, शिपायाच्या हातात कुलूप.

मी लाटता लाटता उठून उत्साहाने पुढे झालो. "या साहेब! चौघांनाही लस दिली आहे. हे बघा!" भिंतीला टेकून चौघं हात शेकत बसली होती.

"छान. मग स्वयंपाक कोण करतंय?"

"आम्ही!"

"तुम्ही लस घेतली?"

"...नाही."

"म्हणजे ज्यांना लस दिली ते काम करत नाहीत, आणि जे काम करताहेत त्यांना लस दिलेली नाही."

माझ्या नियोजनाचा इतका नेमका सारांश मलाही जमला नसता.

"साहेब, मी मालकीन..." आत्याने सुरुवात केली.

"बाई, हातात पळी आहे तुमच्या."

आत्याने पळीकडे पाहिलं. मग बाकांवर घास हातात धरून थांबलेल्या माणसांकडे पाहिलं. तिने पळी खाली ठेवली आणि घट्ट डोळे मिटले. "बोलवा कंपाउंडरला. आन् डावाच हात टोचा!"

कंपाउंडर धावत आले. यल्लम्माचा बरा हात करकचून धरून आत्याने सुई घेतली. मग मी बाही वर केली, तर कंपाउंडर म्हणाले, "लस संपली. आता उद्या."

साहेबांनी माझे पिठाने भरलेले हात पाहिले. "चपात्या यांनीच लाटल्या ना? मग माझा नाइलाज आहे." शिपाई कुलूप घेऊन पुढे सरकला.

"थांबा!" आत्या मध्ये उभी राहिली. "साहेब, त्यो सयपाकाचा मानूस न्हाय!"

"अहो, लाटताना मी डोळ्यांनी पाहिलं."

"लाटताना पाह्यलंत. आता लाटलेलं पाहा!" आणि तिने माझी एक चपाती त्यांच्या हातावर ठेवली.

साहेबांनी एका हाताने तुकडा मोडून पाहिला. मग दोन्ही हात लावले. तुकडा तोंडात टाकून ते बराच वेळ चावत राहिले. सगळी खानावळ त्यांच्या जबड्याकडे पाहत होती. अखेर ते पाणी प्यायले आणि शिपायाला कुलूप पिशवीत टाकायची खूण केली.

"बाईंचं म्हणणं मान्य. हा माणूस स्वयंपाकी असल्याचा कोणताही पुरावा नाही. यांना आत्ताच्या आत्ता चुलीपासून हटवा आणि लोकांना भात वाढा."

बाकांवरून कुणीतरी कळवळून म्हणालं, "शुक्रिया, साहब!"

आणि मी? पिठाचे हात जोडून अगदी मनापासून म्हणालो, "आभारी आहे, साहेब!"