सतराशे एकोणसत्तरचा माणूस

"सतराशे एकोणसत्तर साली काय काय झालं, सांगू?" असं म्हणत ते आधी दोन्ही हात पँटला पुसायचे. ओमानमधल्या सलालाहच्या आमच्या शाळेत ते विज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते, मूळचे कुडाळकडचे. मी गणिताची शिक्षिका. तुमच्याही शाळेत असा एक जण असेल, ज्याला शिकवायला कुणी नेमलेलं नसतं, पण शिकवल्यावाचून राहवत नाही.

त्यांचं सगळं विज्ञान त्या एका सालात कोंबलेलं होतं. सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट त्याच वर्षी, रस्त्यावर धावणारी वाफेची गाडी त्याच वर्षी. मुलं इंग्रजीत कुजबुजत हसायची. पण शुक्राची गोष्ट निघाली की गप्प व्हायची. शुक्राचा ठिपका सूर्यावरून सरकताना पाहायला एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आपल्याकडे आला होता. पहिली संधी भर समुद्रात हुकली. दुसरी आठ वर्षांनी होती, म्हणून तो घरी न जाता इकडेच राहिला. पाँडिचेरीत दुर्बीण लावून बसला आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले.

"येडाच तो. मधे एकदा घरी जाऊन यायचं ना," असं म्हणून ते हसायचे.

स्वतः मात्र गेले नाहीत. बायको गावी, वर्षभर आजारी. यंदाची सुटी पुढच्या वर्षीच्या सुटीला जोडायची, म्हणजे सलग दोन महिने तिच्यापाशी राहता येईल, असा त्यांचा बेत. आखातात आम्ही सगळेच असे बेत करतो. मी त्यांना म्हटलं होतं, आत्ताच जाऊन या. पण जोर लावून म्हटलं नाही, ते अजून सलतं.

जुलैत घरून फोन आला, ती गेली. सलालाहचा खरीफ, म्हणजे पावसाधुक्याचा मोसम, ऐन भरात होता. धुक्यामुळे विमान सुटेना. विमानतळावर मी त्यांच्या शेजारी बसले होते. मस्कतहून आलेली पर्यटक मंडळी काचेबाहेरच्या रिमझिमीचे फोटो काढत होती. दुपारी पुतण्याचा फोन आला, अग्नी दिला म्हणून.

तेरावं उरकून ते परतले. काही दिवसांनी ऑफिसात दिसले, तर पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज भरत होते. पूर्ण दोन महिन्यांचा. आता कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, पण चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"तिने सगळ्या वाडीत सांगून ठेवलंय, मॅडम, दोन महिने राहायला हे येणार म्हणून." त्यांनी सही केली आणि गावच्या बोलीत म्हणाले, "जाऊक व्हया."